हाऊएव्हर, मोरओव्हर, फर्दरमोर आणि रायटिंगचा सहाचा बँड

पत्र असं आलंय:

"ताई, मी लातूर जिल्ह्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बीएस्सी नर्सिंग, आता पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे. यूकेला जायचंय म्हणून आयल्ट्स ॲकॅडमिक ही इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली. लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग तिन्हीत सात किंवा वर आलेत पण रायटिंगला दोन्ही वेळा सहाचाच बँड, म्हणजे नऊपैकी सहा. क्लासच्या सरांनी जोडशब्दांची मोठी यादी दिली होती, हाऊएव्हर, मोरओव्हर, फर्दरमोर, देअरफोर, हेन्स, ऑन द अदर हँड वगैरे, आणि सांगितलं होतं की प्रत्येक वाक्य यातल्या एकाने सुरू करायचं म्हणजे एक्झामिनर इम्प्रेस होतो. मी अख्खी यादी पाठ केली आणि वापरलीपण, तरी मार्क हलले नाहीत. माझी रूममेट म्हणते की अँड, बट, सो एवढंच वापर, पण ते शाळेतल्या मुलीने लिहिल्यासारखं वाटतं. आता अजून मोठी यादी पाठ करू का? की मराठी मीडियममुळेच हे होतंय? वृद्धाश्रमांवरच्या निबंधातला माझा एक परिच्छेद सोबत पाठवतेय. मला तू म्हणा. नाव छापू नका."

उत्तर:

आधी तुझ्या मीडियमच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ती शंका मनात घर करून बसली की बाकीचं काही डोक्यात शिरत नाही. मराठी माध्यमामुळे हे होत नाहीये. मराठीतून विचार करताना काही ठरावीक चुका होतात, त्या खाली दाखवतेच, पण तुझं रायटिंग जिथे अडकलंय तिथे त्या यादीने अडकवलंय असं माझं स्पष्ट मत आहे. मी बरीच वर्षं मुलामुलींचे निबंध तपासतेय आणि इंग्लिश मीडियमची मुलंसुद्धा हीच यादी पाठ करून नेमकी इथेच येऊन थांबतात.

तुला किती हवंय ते पण नीट बघ. यूकेत नर्सची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला रायटिंगमध्ये 6.5 लागतात, बाकी तिन्हीत 7. म्हणजे तुला अर्धा बँड हवाय, बस. आणि रायटिंगचे मार्क चार गोष्टींवर ठरतात, चारींना वजन सारखं: प्रश्नाचं उत्तर दिलंय का, मांडणी आणि जोडणी कशी आहे, शब्द कसे आहेत, व्याकरण कसं आहे. जोडशब्द येतात ते दुसऱ्या खान्यात, आणि तिथेही नुसते जोडशब्द मोजत नाहीत, विचार एका ओळीत पुढे जातोय का ते आधी बघतात. हे निकष कुणालाही वाचायला खुले आहेत, क्लासवाल्यांनी दाखवले नसतील तर स्वतः शोधून वाच. पाचच्या बँडला जोडशब्दांचा अतिवापर हा चक्क दोष म्हणून लिहिलाय. सहाला लिहिलंय की जोडणी आहे पण ती कुठे चुकीची तर कुठे यांत्रिक वाटते. आणि नवाला, म्हणजे सगळ्यात वरच्या बँडला, जोडणी अशी असते की तिच्याकडे वाचणाऱ्याचं लक्ष अगदी क्वचितच जातं. आता तूच सांग, प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी हाऊएव्हर-मोरओव्हर बसवल्यावर लक्ष दुसरीकडे कुठे जाणार? सरांनी तुला जे करायला सांगितलं ते तू इमानदारीने केलंस आणि निकषांत जो सहाचा बँड लिहिलाय तोच तुला मिळाला.

आता तुझा परिच्छेद. वाचणाऱ्यांसाठी तो इथे देते:

"नाऊअडेज, मेनी ओल्ड पीपल लिव्ह अलोन. मोरओव्हर, देअर चिल्ड्रन आर वर्किंग इन सिटीज. हाऊएव्हर, दे फील लोनली. फर्दरमोर, दे हॅव हेल्थ प्रॉब्लेम्स. देअरफोर, गव्हर्नमेंट शुड बिल्ड ओल्ड एज होम्स. ऑन द अदर हँड, फॅमिली इज इम्पॉर्टंट. हेन्स, बोथ आर नेसेसरी."

सात वाक्यं, आणि सातही वाक्यांची सुरुवात एखादा ठरलेला शब्द किंवा शब्दगट नि मग कॉमा. व्याकरण म्हणशील तर एखादं आर्टिकल सुटलंय, बाकी ठीक आहे. स्पेलिंग बरोबर आहेत. म्हणजे इंग्रजी कच्चं नाहीये गं तुझं. पण आता एक कर, हाच परिच्छेद मनात मराठीत म्हणून बघ आणि प्रत्येक इंग्रजी जोडशब्दाच्या जागी त्याचा मराठी भाऊ ठेव. "म्हातारी माणसं एकटी राहतात. शिवाय त्यांची मुलं शहरात नोकरी करतात." कानाला खटकलं ना? इथे शिवाय कसं येईल, इथे कारण हवं, मुलं शहरात गेली म्हणून तर म्हातारी माणसं एकटी पडली. पुढे बघ, "मुलं शहरात नोकरी करतात. मात्र त्यांना एकटं वाटतं." एक तर एकटं कुणाला वाटतं, मुलांना की आईवडिलांना, हेच कळत नाही, आणि दुसरं म्हणजे मात्र कशासाठी? एकटेपणा हा त्याचाच परिणाम आहे, विरोध कुठेच नाही. फर्दरमोर त्यातल्या त्यात बरं, कारण एकटेपणा आणि आजारपण या दोन अडचणी एकीवर एक येतात.

ही कानाची परीक्षा मी तुला मुद्दाम पहिली सांगतेय कारण ती कुठल्याही यादीपेक्षा जास्त कामाची आहे, आणि ती तुला मराठी नीट येतं म्हणूनच जमते. कारण, म्हणून, शिवाय, मात्र, उदाहरणार्थ, हे शब्द तू लहानपणापासून बोलतेस, त्यातला कुठला कुठे बसत नाही हे तुला कुणी शिकवायची गरज नाही. इंग्रजी शब्द यादीतून आलाय त्यामुळे तो चुकीच्या जागी बसला तरी कान काही बोलत नाही. दोन वाक्यांमध्ये नातं आधी असावं लागतं, ते काय आहे हे तुला लिहायच्या आधी माहीत असावं लागतं, मग जोडशब्द ते नातं वाचणाऱ्याला दाखवून देतो. नातंच नसेल तर मोरओव्हर लिहून ते येत नाही.

सगळ्यात मोठा घोळ तुझ्या देअरफोरपाशी आहे आणि तिथे मी जरा थांबणार आहे, कारण मार्क सगळ्यात जास्त अशाच ठिकाणी जातात. तू म्हणतेस त्यांना आजार आहेत, म्हणून सरकारने वृद्धाश्रम बांधावेत. का? आजार आहेत तर हॉस्पिटलं बांधावीत असं कुणी का म्हणू नये? घरी नर्स पाठवावी असं का नाही? मधली एक पायरी तुझ्या डोक्यात आहे, कागदावर नाही. तुला म्हणायचं असणार की आजारी माणसाजवळ दिवसरात्र कुणीतरी लागतं, मुलं लांब आहेत, शेजारी किती करणार, म्हणून जिथे चोवीस तास बघणारं माणूस आहे अशी जागा हवी. ही पायरी लिहिली की देअरफोर आपोआप खरं होतं, आणि गंमत म्हणजे मग तो शब्द नाही लिहिला तरी चालतं. ज्या पायरीची उडी मारली ती देअरफोर लिहून झाकायची सवय आपल्याकडे फार आहे. वॉर्डात एखाद्या ज्युनियरने "ताप आहे म्हणून अँटिबायोटिक" असं म्हटलं तर मोठे डॉक्टर मधेच विचारतात ना की कशावरून, काउंट काय आहे, कल्चर पाठवलं का? एक्झामिनर तोच प्रश्न मनात विचारतो, फक्त तो तुला विचारायला समोर नसतो.

वॉर्डाचा विषय निघालाच आहे तर तुझा हँडओव्हर आठव. रात्रपाळी संपताना तू सकाळच्या सिस्टरला काय सांगतेस? "बेड सातच्या आजोबांना पहाटे 3 ला 102 ताप होता. पॅरासिटमॉल दिलं, तासाभराने 100 वर आला. पण युरिन आउटपुट कमी आहे, म्हणून डॉक्टरांना कळवलंय, ते राउंडला बघणारेत." आता यात जोडशब्द किती? एक पण, एक म्हणून, संपलं. आणि तरी ऐकणाऱ्या सिस्टरला एका शब्दाचीही अडचण येत नाही, कारण आधी काय झालं, मग काय केलं, त्याने काय झालं, आता काय बाकी आहे, हा क्रमच सगळं धरून ठेवतो. जिथे खरंच वळण आलं, ताप उतरला तरी काळजी संपलेली नाही, तिथेच तू पण म्हणालीस. जिथे खरंच कारण होतं तिथेच म्हणून आलं. हे तू रोज करतेस, बिनचूक करतेस, आणि परीक्षेत बसल्यावर नेमकं हेच विसरून यादी आठवत बसतेस. निबंध लिहायच्या आधी मनात म्हण की मी या विषयाचा हँडओव्हर देतेय. मी हे अगदी मनापासून सांगतेय, नर्सेसना मांडणी शिकवावी लागत नाही, ती त्यांच्या कामातच असते.

आता तोच परिच्छेद मी कसा लिहिला असता ते बघ. मुद्दे तुझेच ठेवलेत:

"मेनी ओल्ड पीपल नाऊ लिव्ह अलोन बिकॉज देअर चिल्ड्रन हॅव मूव्ह्ड टू द सिटीज फॉर वर्क. दे आर लोनली, अँड व्हेन दे फॉल इल देअर इज ऑफन नोबडी टू टेक देम टू अ हॉस्पिटल. अ सन हू वर्क्स फाइव्ह हंड्रेड किलोमीटर्स अवे कॅनॉट कम होम एव्हरी टाइम हिज फादर हॅज अ फीव्हर. द गव्हर्नमेंट शुड देअरफोर बिल्ड होम्स व्हेअर अ नर्स इज ऑलवेज प्रेझेंट. सच होम्स कॅन लुक आफ्टर द बॉडी. दे कॅनॉट, हाऊएव्हर, टेक द प्लेस ऑफ अ फॅमिली, सो इट मस्ट बी ईझी फॉर चिल्ड्रन टू व्हिजिट."

तुझ्या यादीतले इथे दोनच शब्द आलेत, देअरफोर आणि हाऊएव्हर, आणि दोन्ही वाक्याच्या पोटात आहेत, तोंडाशी नाहीत. ते मधे ठेवले की आवाज लगेच शांत होतो, प्रत्येक वाक्य घंटा वाजवल्यासारखं सुरू होत नाही. तुझी पहिली दोन वाक्यं बिकॉजने एकच झाली. तिसऱ्या वाक्यात जोडशब्दच नाही, पण ते सुटं पडलेलं वाटतं का बघ, नाही वाटत, कारण आधीच्या वाक्यात हॉस्पिटलला न्यायला कुणी नाही असं म्हटलंय आणि हे वाक्य ते का नाही ते सांगतं. आणि पाचव्या वाक्यातलं सच होम्स, ही फार साधी आणि फार कामाची युक्ती आहे. आधीच्या वाक्यात जी गोष्ट आली तिला धिस किंवा सच लावून पुढच्या वाक्याच्या सुरुवातीला आणायची. धिस लोनलीनेस, धिस डिसिजन, सच पेशंट्स. नुसतं धिस लिहून सोडू नकोस, पुढे नाम लिही, नाहीतर धिस म्हणजे नेमकं काय हे वाचणाऱ्याला शोधत मागे जावं लागतं.

यावरून आठवलं, वाक्यं एकमेकांना कशाने धरून राहतात यावर मायकेल हॅलिडे आणि रुकैया हसन (या मूळच्या आपल्याकडच्या, उत्तर प्रदेशातल्या प्रतापगडच्या) या दोन भाषाशास्त्रज्ञांनी 1976 साली मोठं काम प्रसिद्ध केलं. त्यांनी इंग्रजीत जोडणीचे पाच प्रकार सांगितले आणि तुझी अख्खी यादी त्यातल्या फक्त एका प्रकारात बसते. बाकीचे चार म्हणजे ही, दे, धिस असे मागच्याकडे बोट दाखवणारे शब्द, एका शब्दाऐवजी वन किंवा सो सारखा दुसरा छोटा शब्द ठेवणं, समजतंय म्हणून शब्द गाळणं, आणि तोच किंवा त्याच्या जवळचा शब्द पुन्हा वापरणं. क्लासमध्ये एकच प्रकार शिकवतात कारण तो फळ्यावर यादी करून शिकवता येतो, बाकीचे चार लिहून आणि वाचूनच येतात.

शब्द पुन्हा वापरायची भीती घालव. तुला नक्की कुणीतरी सांगितलं असणार की एक शब्द दोनदा आला की मार्क जातात, आणि मग मुली एकाच परिच्छेदात ओल्ड पीपल, एल्डरली, सीनियर सिटिझन्स, एज्ड पर्सन्स असं सगळं आणतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की हे चार वेगळे गट आहेत. मुख्य शब्द एकच ठेव, ओल्ड पीपल तर ओल्ड पीपल, मधे दे येऊ दे. शब्दसंपत्ती दाखवायला क्रियापदं आहेत, विशेषणं आहेत.

आता त्या मराठीतून येणाऱ्या चुका. वर म्हटलं की कान वापर, पण काही जागी मराठी कान फसवतो, तेवढ्या जागा माहीत असल्या की झालं. पहिली म्हणजे जरी-तरी. मराठीत "जरी तो आजारी होता तरी कामावर आला" असं जोडीनेच बोलतो, म्हणून इंग्रजीत "ऑल्दो ही वॉज सिक, बट ही केम टू वर्क" लिहिलं जातं. इंग्रजीत दोन्हीपैकी एकच लागतो, ऑल्दो ठेवलंस तर बट काढ, बट ठेवायचं असेल तर ऑल्दो काढ. ॲज आणि सो, बिकॉज आणि देअरफोर, यांचंही तेच, एका कारणाला एकच खूण. तुझ्या बाकीच्या निबंधात हे कुठे झालंय का ते आज रात्रीच शोध.

दुसरी चूक म्हणजे म्हणजे. आपण बोलताना सारखं म्हणजे म्हणतो, आत्ता मीच दोनदा म्हटलं, आणि तेच "मीन्स, दे हॅव नो सपोर्ट" असं इंग्रजीत उतरतं. इंग्रजी वाक्य असं मीन्सने सुरू होत नाही. तिथे दॅट इज किंवा इन अदर वर्ड्स चालेल, पण खरं सांगायचं तर नव्वद टक्के वेळा काहीच नको असतं, कारण आधीचं वाक्य नीट लिहिलं असेल तर ते पुन्हा सोडवून सांगावं लागत नाही.

तिसरा घोळ 'शेवटी' या शब्दाचा. शेवटच्या परिच्छेदाची सुरुवात ॲट लास्ट ने केलेले निबंध माझ्याकडे सतत येतात. ॲट लास्ट म्हणजे आपलं एकदाचं, "एकदाची बस आली" मधलं एकदाचं, त्यात वाट बघून दमल्याचा भाव आहे. शेवटचा मुद्दा सांगायचा असेल तर फायनली किंवा लास्टली, आणि निबंध आवरताना इन कन्क्लूजन पुरे आहे, तो एकदाच येतो आणि त्याने कुणाचंच काही बिघडत नाही. ऑन द कॉन्ट्ररीचा गोंधळही असाच. आपण उलट दोन्हीकडे वापरतो, पण इंग्रजीत ऑन द कॉन्ट्ररी फक्त आधीची गोष्ट खोडून काढताना येतं: तो आळशी नाही, उलट दिवसभर राबतो. दुसरी बाजू मांडायची असेल, म्हणजे वृद्धाश्रमात सोय होते पण घर सुटतं असं काही, तर ऑन द अदर हँड. तुझ्या परिच्छेदात तू हे बरोबर वापरलंयस बरं का, फक्त त्यापुढे "फॅमिली इज इम्पॉर्टंट" एवढंच लिहून सोडलंस त्यामुळे दुसरी बाजू आली आणि लगेच गेली. तसेच हा सरकारी पत्रातला शब्द डोक्यात ठेवून अजून एक मुद्दा म्हणून सिमिलरली लिहितात, तेही टाळ, सिमिलरली तेव्हाच जेव्हा दोन गोष्टी खरंच सारख्या आहेत.

मग बट आणि हाऊएव्हर यांच्यात फरक काय, आणि कॉमा कुठे, हे तू विचारलं नाहीस पण तुझ्या दुसऱ्या पानावर "दे हॅव मनी, हाऊएव्हर दे हॅव नो कंपनी" असं एक वाक्य दिसलं म्हणून सांगते, कारण ही व्याकरणाची चूक धरली जाते. यात मात्र आपली मराठी पुन्हा मदतीला येते. बट म्हणजे पण, आणि हाऊएव्हर म्हणजे मात्र. पण हा दोन वाक्यांच्या सांध्यावरच बसतो, "पैसा आहे, पण सोबत नाही", तो तिथून हलवता येत नाही. मात्र कुठेही सरकतो, "पैसा आहे. सोबत मात्र नाही." हाऊएव्हरही तसाच सरकणारा आहे, वाक्याच्या सुरुवातीला, मधे, शेवटी, कुठेही जातो, आणि जो शब्द असा सरकू शकतो तो दोन वाक्यांना शिवू शकत नाही. म्हणून त्याच्या आधी फुलस्टॉप हवा किंवा सेमिकोलन, आणि नंतर कॉमा. "दे हॅव मनी. हाऊएव्हर, दे हॅव नो कंपनी." मोरओव्हर, फर्दरमोर, देअरफोर सगळे याच जातीचे. बटच्या आधी कॉमा, नंतर काही नाही. एवढं पक्कं केलंस तर व्याकरणाच्या खान्यातही थोडा फायदा होईल.

आता तुझी रूममेट. ती अर्धी बरोबर आहे. अँड, बट, सो हे शाळेतले शब्द नाहीत, मोठे मोठे इंग्रजी लेखक आणि वर्तमानपत्रं रोज हेच वापरतात, बटने वाक्य सुरू करणंसुद्धा चूक नाही, ती समजूत आहे नुसती. शाळेतल्यासारखं वाटतं ते या शब्दांमुळे वाटत नाही, प्रत्येक वाक्य पाच-सहा शब्दांचं आणि एकाच घडणीचं असलं की तसं वाटतं, आणि तुझ्या परिच्छेदात तेच आहे, मोरओव्हर असूनही. पण फक्त तिघांवर भागव असंही मी म्हणणार नाही, कारण परीक्षेला थोडी विविधता लागते. ती विविधता बिकॉज, ऑल्दो, व्हेन, इफ, अनलेस, व्हाइल, सिन्स, हू, विच, व्हेअर या शब्दांतून आण. हे शब्द दोन छोटी वाक्यं एका मोठ्या वाक्यात बसवतात, त्यामुळे जोडणीचे मार्क आणि व्याकरणाचे मार्क दोन्ही एकदम मिळतात. यादीतला मोरओव्हर हे काम करू शकत नाही, तो फक्त दोन सुट्या वाक्यांच्या मधे उभा राहतो. तुझ्याकडे वेळ कमी आहे, ड्युटी आहे, तर यादीच्या पाठांतराचा वेळ या शब्दांना दे.

रायटिंगमधल्या पहिल्या प्रश्नाचं, टास्क 1 चं, थोडक्यात. तिथे बहुतेक वेळा तक्ता किंवा आलेख असतो, किमान 150 शब्द, त्यात मत मांडायचं नसतं त्यामुळे देअरफोर-हेन्सचं तिथे कामच नाही. तिथे व्हाइल, व्हेअरॲज, बाय कॉन्ट्रास्ट, फॉलोड बाय असे तुलनेचे शब्द चालतात. टास्क 2 चं, म्हणजे निबंधाचं, वजन टास्क 1 च्या दुप्पट असतं, म्हणून तुझा जास्त जीव तिकडेच लाव.

सरावाला काय करायचं तर हाच वृद्धाश्रमाचा निबंध पुन्हा लिही, पहिल्यांदा एकही जोडशब्द न वापरता. खरंच एकही नाही. फक्त क्रम आणि धिस-सच-दे यांच्यावर चालव. मग एका दिवसाने वाचायला घे आणि जिथे वाचताना ठेच लागते, म्हणजे इथे हा विरोध आहे की परिणाम हे कळत नाहीये असं होतं, तिथेच एक शब्द घाल. मराठीत म्हणून बघ की तिथे काय येतं, पण की म्हणून की कारण. बघशील तर पूर्ण निबंधात फार थोड्या जागी ते लागतील आणि त्या जागी ते खरंच शोभतील. जोडीला वाचायला एनएचएसच्या, म्हणजे यूकेच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, वेबसाइटवरची आजारांची पानं घे, पेशंटला कळावीत म्हणून सोप्या इंग्रजीत लिहिलेली आहेत, विषय तुझ्या रोजच्या कामाचा आहे आणि उद्या तिथल्या वॉर्डात तुला जे लिहायचंय ते याच्याच जवळचं आहे. तिथे नोंदी स्पष्ट आणि अचूक ठेवणं हा कौन्सिलच्या नियमांचाच भाग आहे, म्हणजे आत्ता जी सवय लावशील ती परीक्षेनंतरही उपयोगाला येणार आहे. पान वाचताना पुढचं वाक्य मागच्याला कशाने धरलंय तेवढंच बघ, वहीत लिहून काढायची गरज नाही.

आणि परीक्षेच्या दिवशी टास्क 2 च्या 40 मिनिटांतली पहिली पाच विचारालाच दे, मुद्दे मराठीत मनात आले तरी चालतील, फक्त कुठला मुद्दा कुठल्याचं कारण आहे आणि कुठला कुठल्याच्या विरोधात आहे ते कच्च्या नोंदींत बाणाने दाखव. किमान 250 शब्द लागतात, ते झाले की शब्द वाढवत बसू नकोस. शेवटची तीन मिनिटं राखून ठेव आणि तेव्हा पूर्ण निबंध वाचू नकोस, नुसत्या वाक्यांच्या सुरुवाती वाचत खाली ये. लागोपाठ दोन वाक्यं कॉमावाल्या शब्दाने सुरू होत असतील तर त्यातला एक काढ, आणि जो देअरफोर राहिला असेल त्याच्या आधीच्या ओळीत खरंच कारण लिहिलंयस का तेवढं एकदा बघ.